उताणा पंख

कान्हे गावात माझं वेल्डिंगचं दुकान आहे. दारं, ग्रिल, टेम्पोचे हौदे, सगळं करतो. शिकलेल्या लोकांच्या ड्रॉइंगमधल्या चुका मी न विचारता दुरुस्त करतो, आणि आजवर मला कुणी नावं ठेवली नव्हती. भाचीनं ठेवली.

ती इंजिनिअरिंगला आहे. कॉलेजच्या पोरांनी मिळून शर्यतीची छोटी गाडी बनवली, चालवणार ही. सरावात वळणावर गाडीचं मागचं अंग घसरलं, गाडी टायरांच्या ढिगावर आदळली आणि हिचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं त्या दिवशी बहिणीनं बजावलं, "आजून येकदा घसरली, तर शर्यत बंद."

म्हणून भाची माझ्याकडे पंखाचं ड्रॉइंग घेऊन आली. गाडीच्या मागे, उंचावर बसवायचा ॲल्युमिनियमचा पंख. फुगीर बाजू खाली दाखवलेली. पोरांनी घाईत उलटं काढलं असणार, म्हणून मी ती वर घेऊन ब्रॅकेट जोडले. काम अगदी सुबक झालं होतं.

"मामा, हे उलटं बसवलंय."

"उलटं कुटं? सरळच हाय की. इमान काय उताणं उडतंय व्हय?"

"पण आपल्याला उडायचं नाहीये ना!"

वाद न घालता तिनं माझा टेम्पो काढला. जुन्या हायवेवर वेग घेतला आणि पंखासारखा वाकवलेला पत्र्याचा तुकडा मला खिडकीबाहेर धरायला लावला. फुगीर बाजू वर होती तोवर वारा हात उचलत होता. तुकडा उलटा केला, तर वाऱ्यानं हात असा खाली दाबला की कोपर खिडकीच्या कडेत रुतलं. मी लहान पोरासारखा तो पुन्हा पुन्हा फिरवून बघत राहिलो.

भातखाचरात चिखल सपाट करताना फळी तरंगू नये म्हणून वडील आम्हा बहीणभावांना तिच्यावर बसवायचे. वजन हवं तर कुणीतरी बसायचं आणि बैलांनी ते ओढायचं, एवढंच मला ठाऊक. आणि इथं कुणा शर्यतवाल्यानं विमानाचा पंख उताणा करून चक्क वारा बसवला! "एकानं तर मागे मोठा पंखा लावून गाडीखालची हवाच ओढून घेतली होती, म्हणजे गाडी जमिनीला चिकटून राहते," भाची म्हणाली. सगळी हयात पत्र्यात गेली, पण असलं काही कधी डोक्यात आलं नाही.

दुकानात येऊन मी ब्रॅकेट कापले आणि पंख उताणा केला.

बेगडेवाडीजवळच्या मैदानावर पुन्हा सराव झाला. बहीण आली, पण वळणाकडे पाठ करून उभी राहिली. गाडी आली, मागच्या खेपेपेक्षा जोरात. मागची चाकं जमीन धरून राहिली आणि गाडी वळण घेऊन पुढे गेलीसुद्धा.

"घसरली का रं?" बहिणीनं तशीच पाठमोरी विचारलं.

"न्हाई."

"खरं सांग."

"खरंच न्हाई. फळीवर आपन बसायचो ना, तसा वारा बसलाय मागं."

मग ती वळली, आणि पुढची फेरी तिनं लेकीकडे बघत काढली.