जहाजाची मीटिंग वर होती

"बैठी ही हो, तो जरा चप्पलें देखती रहना बेटा. यहाँ कुत्ते उठा ले जाते हैं."

साहेबांची बायको असं म्हणाली आन साडी सावरत जिना चढून गेली. तिच्या मागं बाकीचे गेले. मी खाली राहिली. जिन्याच्या तोंडाशी, माझ्या चाकाच्या खुर्चीत. समोर साऱ्यायच्या चपला.

वर जहाजाच्या सहलीची मीटिंग होती. आन ती सहल मीच जुळवली होती.

मले लहानपणी पोलिओ झाला. दोन्ही पाय गेले. बाबा भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमध्ये भट्टीवर होते. रिटायर झाल्यावर आम्ही तिथंच जवळ, जुनवानीले घर बांधलं. मी घरूनच लोकायची रेल्वेची, विमानाची तिकिटं काढून देते. बाबांच्या खात्यातल्या रिटायर लोकायचं एक मंडळ आहे. त्याचे अध्यक्ष म्हणजे बाबांचे जुने मोठे साहेब. त्यायनंच मले फोन केला होता.

"बेटी, मुंबई से जो जहाज जाता है न, उसमें हम सबको ले चलो."

घरात सांगतलं तर आई चुलीवरचा तवा तसाच सोडून आली. तिनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. तिचे गुडघे गेलेले, दहा पावलं चालली की भिंत धरते. शेजारचे वासनिक काका प्लांटात क्रेन चालवाचे. लकवा मारला तेव्हापासून डावी बाजू लुळी. ते म्हणाले, "पोरी, मले बी ने. मेल्यावर पाहू काय समुद्र?"

दोघांलेही तिथं चाकाची खुर्ची लागणार. मग मी फोन लावत बसली. खोलीच्या दारातून खुर्ची आत जाते काय? बाथरूमले उंबरठा आहे काय? जहाज धक्क्याले लागते, की लोकायले छोट्या होडीत उतरवते? होडीत खुर्ची चढत नाही. एका जहाज कंपनीतला पोरगा मले म्हणाला, "मॅडम, पेशंट के साथ अटेंडंट कौन रहेगा?"

"पेशंट कोई नहीं है. मैं जा रही हूँ."

मग त्यानं फोन दुसऱ्याले दिला.

शेवटी एक जहाज सापडलं. धक्क्याले लागणारं. त्यात लिफ्टच्या जवळ एक मोठी खोली, रुंद दाराची, बाथरूममध्ये धराले दांड्या. मी साहेबांले सारं सांगतलं. ते खूश. "बहुत बढ़िया. संडे को मीटिंग में सबको बता देना."

मीटिंग मंडळाच्या हॉलमध्ये. हॉल पहिल्या माळ्यावर. लिफ्ट नाही.

मी बाबांले म्हटलं, "त्यायले सांगा ना, खाली बसा म्हणून."

"आता सारे वर गेले, बेटा. मी जाऊन सांगतो."

बाबा वर गेले. कोणी खाली आलं नाही.

साहेबांले माईकशिवाय बोलता येत नाही, म्हणून मले सारं ऐकू आलं. "तीन-तीन व्हीलचेयर हो जाएँगी. पूरा ग्रुप उन्हीं में बँध जाएगा. भाई, हम घूमने जा रहे हैं, अस्पताल नहीं. इन तीनों को रहने देते हैं." लोक हसले. कपबशा वाजल्या. मग साहेब म्हणाले, "क्यों, आप क्या कहते हैं? आप तो समझदार आदमी हो."

हे बाबांले होतं. बाबांपुढं माईक नव्हता. तरी मले ऐकू आलं.

"जी साहब. ठीक है साहब."

हे माझे बाबा. चौदा एप्रिलले जयंतीच्या मिरवणुकीत मले खांद्यावर बसवून प्लांटच्या कॉलनीत सेक्टरभर नाचणारे. आज्यानं गावात कशी मान खाली घालून जिंदगी काढली ते सांगून, 'आपण कोणापुढं वाकाचं नाही' असं मले शिकवणारे.

तिथून निघून जावं म्हटलं तर गेटले बी पायरी, येतानी बाबांनीच खुर्ची चढवली होती.

लोक उतराले लागले. मी खुर्ची फिरवली. जिन्याच्या तोंडाशी मधोमध लावली. ब्रेक दाबले.

"मीटिंग नहीं हुई," मी म्हटलं. "मैं तो नीचे थी. अब यहाँ कीजिए."

साहेब दोन पायऱ्या वर थांबले. हसले. "जिद नहीं करते बेटा. तुम्हारे भले के लिए ही है."

मी हलली नाही. मागं गर्दी झाली. कोणी म्हणालं, अरे रस्ता तो दो. साहेबांनी बोट हलवलं. दोन माणसं पुढं आली. एकानं मागून धरलं, एकानं पायाकडून. मले खुर्चीसकट उचललं. एका शब्दानं विचारलं नाही. सलवार वर सरकली, माझे काडीसारखे पाय साऱ्यायनं पाहिले. मी ओरडली, "नीचे रखो! हाथ मत लगाओ!" खुर्ची एका बाजूले कलली. तेव्हा तिसऱ्याचा हात आला.

तो बाबांचा होता.

मले भिंतीपाशी ठेवलं. कूलर सरकवतात तसं. मग सारे आपापल्या चपला शोधू लागले.

घरी आल्यावर मी विचारलं, "बाबा, तुम्ही कावून हात लावला?"

"तू पडली असती."

"मी पडून नव्हती राहिली. ते मले पाडून राहिले होते."

बाबांनी चपला काढल्या. मग म्हणाले, "साहेब दिसले की तोंडातून 'जी' निघूनच जाते. नोकरी संपली, हे नाही संपलं." आन तोंड धुवाले गेले. नळ चालूच राहिला.

मले त्यायच्यावर रागही काढता येईना.

दुसऱ्या दिवशी मी जहाजवाल्यायले फोन केला. म्हटलं, आम्ही तिघं वेगळे येतो, ती मोठी खोली द्या.

"मॅडम, वो तो बुक हो गई."

कोणी घेतली ते पुढं, सहलीहून मोबाईलवर आलेल्या फोटोत दिसलं. साहेब पलंगावर पाय पसरून बसलेले, मागं उघड्या बाथरूममध्ये त्या दांड्या, एकीवर त्यायचा टॉवेल. खाली लिहिलं होतं, 'रूम बहुत बड़ा मिला.' आईनं तो फोटो पाहिला. समुद्र कुठं दिसते काय, म्हणून बोटानं मोठा करून पाहिला. वासनिक काका आधी रोज विचाराचे, कधी निघाचं म्हणून. ते विचारणंच सोडून दिलं त्यायनं.

परवा साहेबांचा फोन आला. "बेटी, अगली ट्रिप भी तुम ही देख लो."

"नहीं."

"क्यों भई?"

"आपका काम अब मैं नहीं करूँगी."

त्यायनं लगेच बाबांले फोन लावला. बाबा माझ्याकडं पाहत राहिले. फोन वाजून वाजून बंद झाला. बाबांनी उचलला नाही. 'जी' बी म्हटलं नाही, 'नाही' बी म्हटलं नाही.

आम्हाले जहाज अजून मिळालं नाही. एक म्हणते खोली नाही, एक म्हणते डॉक्टरचा कागद आणा, एक फोनच ठेवून देते. मी रोज फोन लावून राहिली. आई, काका, मी, आम्ही जाऊ, कोण्या मंडळाच्या मेहरबानीनं नाही. आन नाही मिळालं, तरी एक गोष्ट पक्की. मी घरात साऱ्यायले सांगून ठेवलं आहे: मले विचारल्याशिवाय माझ्या खुर्चीले कोणी हात लावाचा नाही. बाबांनी बी नाही. पुढच्या बारीले कोणी मले उचलाले वाकला, तर मी त्याच्या मनगटाले चावीन. रगत निघेपर्यंत सोडणार नाही.

आई हसली नाही. मी बी हसत नव्हती.