उंबरावरच्या चिंध्या

फसवणूक झाली ती माझ्या आईची. कधी, तेही नेमकं सांगते: गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेला, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. वेळ इतकी पक्की ठाऊक आहे, कारण ती पंचांगातून काढलेली होती. त्या मिनिटाला बाबांनी नदीकाठच्या एका सोसायटीत तळमजल्याच्या फ्लॅटसाठी सही केली. मी तेव्हा कोथरूडच्या चौकात उभी राहून ‘नदीत राडारोडा टाकू नका’ अशी पत्रकं वाटत होते. दुसऱ्यांना.

बाबा खडकीच्या कारखान्याच्या तपासणी विभागातून रिटायर होत होते, क्वार्टर सोडायचं होतं. आईचे गुडघे गेलेले, म्हणून तळमजला. गेज लावल्याशिवाय आयुष्यात एक नग पास न केलेल्या माणसानं घर कशानं मोजलं? होकायंत्रानं. ईशान्येला पाणी असलेलं शुभ, आणि इथं तर ईशान्येला आख्खी नदी! वैशाखातली नदी, म्हणजे जलपर्णीखाली काळं गटार. तिला कोण भिणार?

आई भ्यायली. कुंपणामागे एक उंबर आहे. त्याच्या फांद्यांवर, माणसाच्या डोक्याच्याही वर, चिंध्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या लटकलेल्या होत्या. सगळ्या एकाच उंचीवर.

“इतक्या वर चिंध्या कुणी वाळत घातल्या?” तिनं विचारलं.

“काकू, वाऱ्यानं उडून येतात हो,” सेल्सवाला हसला.

“अगं, चल, मुहूर्त टळेल,” बाबा म्हणाले. झालं!

हे मला संध्याकाळी कळलं. दोन दिवसांनी मी पूररेषेचा नकाशा पाहून आले. त्यात दोन रेषा असतात. निळीच्या आत पाणी येतंच येतं. मोठ्या पुरात ते लाल रेषेपर्यंत पोचतं. आमची इमारत दोन्हींच्या मधोमध ठोकलेली होती.

“बाबा, लाल रेषेच्या आत आहोत आपण.”

“परवानगी आहे ना इमारतीला? मग? पत्रक बाहेर वाच, घरात नको.”

मी पत्रकांचा गठ्ठा उचलून बाहेर पडले. चौकात ओरडायला काय लागतं?

श्रावणात तीन दिवस पाऊस थांबला नाही. मोबाइलवर मेसेज येत राहिले: धरणाचा विसर्ग वाढवला, आणखी वाढवला. चौथ्या दिवशी सकाळी आई चहा ठेवत होती. आम्ही गेटकडे डोळे लावून बसलेलो, आणि पाणी गेटातून आलंच नाही. आधी मोरीच्या जाळीतून झुरळं वर आली. रांगच्या रांग. मग त्यांच्यामागून, अजिबात आवाज न करता, पाणी.

“अहो, मोरी उलटी वाहतेय,” आई म्हणाली. चहा उकळेपर्यंत ते घोट्याला लागलं होतं. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिला बाबा, मी आणि दोन शेजारी, अशा चौघांनी दुसऱ्या मजल्यावर नेलं.

दिवाळीच्या आत सोसायटीनं बाहेरून रंग दिला. पाण्याची खूण गेली. चेअरमन म्हणाले, “उगाच बोभाटा करू नका. उद्या तुम्हालाच विकायचा झाला तर?”

विकायचाच होता. बेडरूमच्या भिंतीला खांद्याइतक्या उंचीवर तपकिरी पट्टा उमटला होता, रंगातूनही परत वर येत होता. बाबांनी त्याच्यापुढे कपाट सरकवलं. दुसऱ्या बाजूनं ढकलायला मी होते. मी, पत्रकं वाटणारी.

मागच्या महिन्यात एक जोडपं घर बघायला आलं. बरोबर नवऱ्याची आई, काठी टेकत. त्यांनाही तिच्यासाठीच तळमजला हवा होता. त्यानं मोबाइलमधलं होकायंत्र बेडरूमच्या खिडकीशी धरलं. “ईशान्येला नदी! वा!”

बाबा फरशीकडे बघत राहिले. मी पंख्याकडे.

“अगं, ते कपाट सरकव,” आई मला म्हणाली.

“आई, आत्ता कशाला...”

“पत्रकं वाटतेस ना तू? मग सरकव.”

मी सरकवलं. मागचा तपकिरी पट्टा उघडा पडला. आईनं त्या काठीवाल्या बाईंचा हात धरला, खिडकीशी नेलं आणि उंबर दाखवला. पुरानंतर तिथं नव्या चिंध्या आल्या होत्या. त्यांत आमच्या सोफ्याचं निळं कव्हर होतं.

“एवढ्या वर कसं गेलं हो ते?” बाईंनी विचारलं. मग त्यांनी फरशीवरच्या आपल्या काठीच्या टोकाकडे पाहिलं. चहा न घेताच ती माणसं गेली.

घर विकलं गेलं नाही. चेअरमन आता आमच्याशी बोलत नाहीत. ज्येष्ठ संपत आलाय. ती प्लास्टिकची खुर्ची आईच्या पलंगाशीच असते, आणि रात्री मोरीच्या जाळीवर बाबा पाटा ठेवतात. त्यानं काय होणार, ते त्यांनाही कळतं.

तुम्ही घर बघायला जाल, तेव्हा होकायंत्र खिशात ठेवा. भर पावसात जा, इमारतीमागचं झाड शोधा आणि मान वर करा. आणि तुमच्याच घरात असं एखादं कपाट असेल, तर गिऱ्हाईक यायच्या आत, आज, ते सरकवा.