मामांच्या हाताला चटका बसेना

देवावरचा विश्वास उडाला नव्हता, पण त्या चैत्रात मी त्याच्यावर रुसले मात्र होते. नांदेडला कुष्ठरोग आणि तसल्याच दुर्लक्षित त्वचारोगांवर संशोधन करणाऱ्या एका गटात मी काम करते. घरच्या घरी, डोळे मिटायला लावून, पेनाच्या टोकाने एकमेकांची त्वचा तपासली तर बधिरपणा लवकर सापडतो, असं आमच्या अभ्यासात दिसलं होतं. निधी देणाऱ्यांची अट साधी होती: हे आधी गावांना सांगा, मग पुढच्या टप्प्याचं बोलू. अट मलाही पटलेली. पण आमची जीप शिरली की गावातल्या ओसऱ्या ओस पडायच्या. देगलूरकडच्या एका गावात तर सतरंजीवर मी, पोस्टर आणि एक शेळी एवढेच उरलो. शेळीने पोस्टर मन लावून पाहिलं आणि मग खाल्लं.

अशा चिडलेल्या मनाने मी निलंग्याजवळच्या आजोळी सप्ताहाला गेले. तिथला स्वयंपाक हरिमामांकडे असतो. ते आईचे चुलतभाऊ. त्यांच्या हातच्या वरणासाठी शेजारची गावं येतात. या वेळी त्यांचं नवंच कौतुक चाललं होतं. गेल्या दिवाळीपासून मामांच्या उजव्या हाताला म्हणे चटकाच बसत नव्हता. उकळत्या कढईचा कान ते उघड्या हाताने धरत. "नामाचा परताप हाय," म्हणत बायका त्या हाताला नमस्कार करत आणि मामा लाजून हसत. मीही वाकले, आणि तळव्यावर भाजल्याचा फुटलेला फोड दिसला. मामांना त्याचा पत्ताच नव्हता.

त्यांना बाजूला घेऊन सांगून पाहिलं. "देवाच्या देण्याला रोग म्हणतीस व्हय गं?" म्हणाले आणि वरण ढवळायला निघून गेले. गप्प राहावं तर आज फोड आहे, उद्या बोटं वाकडी होतील. चारचौघांत बोलावं तर 'महारोग' शब्द ऐकून त्यांना चुलीपाशी कोण उभं करणार? ती चूल म्हणजे मामांचा जीव. मी मारुतीपुढे बसले आणि म्हटलं, माझ्याच्याने काही होत नाही, मामांचा हात वाचव, आता तुझं तू बघ.

काल्याच्या सकाळी मंडप गच्च भरला आणि निरोप आला, कीर्तनकार महाराजांची गाडी अहमदपूरजवळ बंद पडली आहे. भजनं म्हणून म्हणून टाळकऱ्यांचे घसे बसले. मी खांबाला टेकून बसले होते. लाऊडस्पीकरवाले चाचा निलंग्याचे, ना ओळख ना पाळख. कुणीतरी माझं काम त्यांना सांगितलं असावं. सरळ येऊन त्यांनी माइक माझ्या हातात दिला. "डाक्टरीन हो ना? बोलो बेटी. इत्ते लोगां फिर कब मिलते?" मी डॉक्टर नाही, हे सांगेपर्यंत माइक सुरू झालासुद्धा.

मग मी बोलले. मामांचं नाव घेतलं नाही. हा रोग जंतूने होतो, पापाने नाही. कुणाच्या हातचं खाऊन होत नाही. औषध फुकट मिळतं आणि पूर्ण घेतलं की बरा होतो. नंतर सगळ्यांना डोळे मिटून एकमेकांना पेनाचं टोक टेकवायला लावलं. पेनं पुरेनात, तेव्हा उदबत्तीच्या काड्या निघाल्या. मंडपात नुसता हशा पिकला. तेवढ्यात कमरेला पंचा बांधलेले मामा स्वयंपाकातून उठून आले, माझ्यासमोर बसले आणि डोळे मिटून उजवा हात पुढे केला.

मी काडी टेकवत राहिले.

"लाव की गं," मामा म्हणाले.

"लावली, मामा."

डाव्या हाताला लावली, तेव्हा कुठे ते "हाव" म्हणाले.

मामा उजव्या हाताकडे बघत राहिले. "मग आजपून चुलीपाशी दुसरा कुनी बघा," ते हळूच म्हणाले. तोच वीणा धरून उभे असलेले गावचे वडीलधारे आबा गरजले, "का म्हनून? हातचं खाऊन होत न्हाई म्हनली ना ही पोरगी? उद्या दवाखान्यात जा. आज फडकं धर आन् वरण उतरव. लई भूक लागून राह्यली!" सगळा मंडप हसला, आणि हसता हसता मामांचे डोळे भरून आले. माझेही.

महाराज पोचले तोवर देवळामागे माझ्याभोवती बायकांचा घोळका जमला होता. ज्या बधिर चट्ट्यांसाठी मी जीप घेऊन वणवण केली, ते पदराआडून आपणहून पुढे येत होते. अहवालात 'लोकांना एकत्र आणण्याची पद्धत' असा रकाना होता. मी आधी 'महाराजांची गाडी बंद पडली' असं लिहिलं, मग खोडून नीट लिहिलं. पुढचा निधी मिळाला. आता आम्ही सप्ताहांना जातो, उरुसांना जातो, लोक आधीच बसलेले असतात तिथे.

तपासणीत मामांचं निदान पक्कं झालं आणि औषध सुरू झालं. वेळेत आलात, हाताची जाणीव परतू शकेल, पण खात्री देत नाही, असं डॉक्टर म्हणाले. दिवाळीच्या आधी एका सकाळी फोन आला आणि मामा ओरडत होते, "बसला गं बाई, बसला! चहाचा चटका बसला!" मागून मामी करवादत होती, "आन् फुटल्या कपाचं काय?"

मामांचा हात वाचव, एवढंच मी मागितलं होतं. तो कसा वाचवायचा, हे देवाने मला विचारलं नाही, हे किती बरं झालं. आता काम अडलं तरी मी रुसत नाही. माझ्या जीपने पोचायचं की बंद पडलेल्या गाडीने, हे त्याच्यावर सोडते. फोन ठेवून देवापुढे साखर ठेवली आणि समईची वात सारताना बोट भाजलं. आधी "आई गं" म्हणाले, आणि मग त्याच हाताने नमस्कार केला.