जेसल पार्क ते डोंगरी: होडीच्या गाड्याची हवा

मिहीर, ईशा,

आबांची होडी डोंगरीला नीट पोचली का, असं तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत तेव्हा मी "पोचली" म्हणाले. ते अर्धंच खरं होतं. आमची इमारत आता पाडणार आहेत. पुढच्या महिन्यात मी हे घर सोडते आहे, आणि सामान आवरताना हे अर्धं तसंच टाकून जाऊ नये असं वाटलं. म्हणून त्या दिवसाचा प्रवास लिहिते आहे. अंतर फार नाही, एका सकाळचं.

आबा गेल्यापासून होडी जेसल पार्कच्या आमच्या आवारात ताडपत्रीखाली होती. फायबरची, हलकी, चार माणसं जेमतेम बसतील एवढी. ती दोन चाकांच्या लोखंडी गाड्यावर (जीपमागे जोडून ओढायचा सांगाडा) ठेवलेली असे. डोंगरीचे अंतोनभाऊ आणि आबा कितीतरी वर्षं दर रविवारी तिच्यातून मासे धरायला जात. अंतोनभाऊंची स्वतःची होडी गेल्या पावसाळ्यात फुटली. "ही अंतोनला दे. त्याचं समुद्रावर जाणं थांबता कामा नये," एवढंच आबांनी शेवटच्या आजारात माझ्याकडे मागितलं होतं.

सकाळी संतोष जीप घेऊन आले. रायगडकडचे, पन्नाशीचे, भाड्याची जीप चालवतात, मला मावशी म्हणतात. गाड्याची चाकं पार बसली होती. पायपंपाने कामापुरती हवा मारून आम्ही आधी काशीमीऱ्याला गॅरेजवर गेलो. आभाळ भरून आलं होतं, ट्रकांच्या धुराने ते आणखी खाली आल्यासारखं वाटत होतं. गॅरेजवाल्याने विचारलं, किती भरू?

इतक्या वर्षांच्या संसारातही आबा किती भरत ते मला माहीत नव्हतं. अंगठ्याने चाक दाबून बघत, एवढंच आठवलं, आणि ते मला नेहमी गबाळेपणाचं वाटे. मी चष्मा लावला, वाकून टायरच्या कडेवरचं बारीक इंग्रजी वाचलं आणि म्हटलं, एकावन्न.

"माताजी, वो तो पूरे लोड का है, ज्यादा से ज्यादा," तो म्हणाला. "आपकी नाव खाली है. पच्चीस बहुत है."

"जो लिखा है वो डालो."

माझं हिंदी तुम्हाला ठाऊक आहे, त्यात विनंती कधी येतच नाही. संतोष म्हणाले, हा दिवसभर हेच काम करतो, त्याचं ऐका. टायर बनवणाऱ्यांना याच्यापेक्षा कमी कळतं का, असं मी विचारलं. त्याने खांदे उडवले आणि एकावन्न भरली. चाकं दगडासारखी झाली. मला बरं वाटलं.

पुलावरून भाईंदर पश्चिमेला उतरलो आणि उत्तनच्या रस्त्याला लागलो. मुर्धा गेलं, राई आली. कडेची मिठागरं पाण्याने राखाडी दिसत होती, माणूस एकही नव्हता. रस्त्याला खड्डे आणि गतिरोधक. प्रत्येक ठिकाणी मागून धाडकन आवाज येई.

"मावशी, गाडा उडतोय. थोडी सोडू का हवा?"

मी नको म्हटलं. मोर्व्याच्या पुढे त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नको म्हटलं.

अंतोनभाऊ घरासमोर वाट बघत उभे होते. नवा दोर आणि पाग (फेकायचं जाळं) ओट्यावर काढून ठेवलेली. ते सरळ होडीखाली वाकले आणि हात फिरवत, होडी ज्यावर टेकते त्या गाड्याच्या मागच्या आडव्या लाकडापाशी थांबले. होडी तिथे आपटत आली होती. तिच्या तळाला हातभर चीर पडली होती. मग त्यांनी चाक दाबून पाहिलं.

"होडी फुटली हाय. हवा कोनी भरली?"

माझ्या तोंडून आलं, "गॅरेजवाल्याने."

संतोष शेजारीच दोर सोडत होते. ते सोडतच राहिले. अंतोनभाऊंनी त्या गॅरेजवाल्याचा जो उद्धार केला तो इथे लिहीत नाही. शेवटी ते मला समजावत म्हणाले, "वझं भारी तर हवा घट्ट. हलकं तर नरम. मंग धक्का चाक खातं, न्हायतर होडी खाते."

त्यांच्या बायकोने तांदळाची भाकरी आणि सुकटीचं (वाळवलेल्या जवळ्याचं) कालवण वाढलं. मी अर्धी भाकरी टाकली.

परतताना संतोष म्हणाले, "उद्या हवा भरायला मी त्या गॅरेजवाल्याकडेच जाणार, मावशी. कुठल्या तोंडाने जाऊ?" मी जेसल पार्कला उतरले तेव्हा पावसाचे थेंब पडायला लागले होते.

दोन दिवसांनी मी अंतोनभाऊंना फोन करून सांगितलं की हवा मीच भरायला लावली.

"ठावं हाय, बाई," ते म्हणाले. "रिकाम्या गाड्याला तो मानूस येवढी भरनार न्हाय."

चीर बुजवता येईल, पण आतला कणाही हलला आहे, आता ही समुद्रात घालणार न्हाय, असंही त्यांनी सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

आकडा मी बरोबर वाचला होता, मुलांनो. तो कुठल्या ओझ्यासाठी आहे हे सांगणारा माणूस समोर उभा होता आणि मी त्याला गप्प केलं. नंतर दोषही त्याच्यावर ढकलला. काशीमीऱ्याला जाऊन त्याला हे सांगायचं अजून राहिलं आहे.

अंतोनभाऊ आता समुद्रावर जात नाहीत. होडी त्यांच्या अंगणात पालथी पडून आहे. गाडा मात्र शाबूत आहे. शेजारी त्यावरून जाळी बंदरावर नेतात.