टाकीवरचा तारपा

परवा बायको टाचांच्या भेगांसाठी मेण वितळवत होती. त्या वासाने मला थेट मागे नेलं!

क्षणात मी पंचवीस वर्षांचा झालो आणि बाबांच्या म्हाताऱ्या मोटारसायकलवर बसलो. मागे गंजाडचे तारपा वाजवणारे लखमाकाका. तलासरीहून बनवून घेतलेला दुधी भोपळ्याचा, वारली नाचात फुंकून वाजवायचा नवा तारपा मी कॅरिअरला बांधू लागताच ते कडाडले, "तारप्याला पाठ दाखवतोस? नाचतानाही कोणी दाखवत नाही!"

मग तारपा माझ्यासमोर पेट्रोलच्या टाकीवर बांधला, खाली तापलेलं इंजिन!

गंजाडजवळ मधासारखा वास आला. नळ्या धरून ठेवणारं मेण पाघळत होतं.

"काका, तारपा वितळला!"

"बोंबलू नको. गाडी बंद कर."

संध्याकाळी नव्या भाताचा नाच आणि गावात वाजता तारपा हा एकच. काकांनी ओल्या बोटांनी सांधे दाबले, तारपा सावलीत धरला. काकांनी फुंकलं. फुस्स! पुन्हा फुंकलं, तेव्हा कुठे घोगरा सूर निघाला.

"आता मी चालतच जातो," ते म्हणाले.

तारपा छातीशी धरून काका वाजवत पुढे निघाले. तारप्याला पाठ नको, सुरावर इंजिनाची फटफट नको, म्हणून मी घामाघूम होऊन गाडी ढकलत मागे. वेशीवर उभ्या बायका खिदळल्या, "भाऊ, ही कशाला आणली रे? नाचायला?"