अकरा सेकंदांचे जावई

शेठ खेळायला बसले की आधी अंगठ्या काढायचे. उजव्या हातातल्या तीन, डाव्या हातातल्या दोन. एकेक पिळून काढून माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचे. पुष्कराजाची अंगठी सहजासहजी निघत नसे, तिला साबण लागायचा आणि तो साबण मी आणून ठेवलेला असायचा. मग चपला खुर्चीखाली सरळ रेषेत, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत. इतकं सगळं झाल्यावर पडद्यावरच्या दांडगट गड्याकडे बघून ते शांतपणे म्हणायचे, "ये. आपल्याला कुठं जायचाय?"

नवीन पनवेलात तुम्ही राहिला असाल तर असे शेठ तुम्ही पाहिलेले असणार. पांढरा सदरा, पांढरी पॅंट, गळ्यात करंगळीएवढी साखळी. गावची शेती सेक्टरांखाली गेली आणि माणूस एका पिढीत शेतावरून इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आला. आमचे शेठ त्याच इमारतीचे मालक, आणि तळमजल्यावरचं माझं गेमिंग पार्लर त्यांच्याच गाळ्यात. सहा खुर्च्या, सहा पडदे, एक पंखा. पहिली तीन वर्षं त्यांनी उंबरठा ओलांडला नव्हता. येता-जाता काचेतून आत बघायचे आणि मान हलवायचे, बस्स.

दिवाळी झाली आणि एका दुपारी ते आत आले. पार्लर रिकामं होतं. मला वाटलं, वरच्या टाकीचं काहीतरी असेल. शेठ पंख्याकडे बघत म्हणाले, "ती दोन मानसं एकमेकांना मारतात ना, ती मला शिकव."

मी आधी हसलो. नंतर कारण कळलं आणि हसू आवरलं.

शेठची एकुलती एक मुलगी पुण्याला दिली होती. जावई सॉफ्टवेअरमधले, स्वभावाने गरीब, निर्व्यसनी, नाव ठेवायला जागा नाही. पण सासरा-जावई समोरासमोर बसले की दोघांची बोलती बंद व्हायची. शेठनी विचारायचं, "काय, बरं हाय ना?" जावयांनी म्हणायचं, "हो बाबा, मजेत." इथे संभाषण संपायचं. मग जावई फोनमध्ये आणि शेठ खिडकीत. दोन वर्षं हेच चाललं होतं. त्या दिवाळीत जावयांनी येताना आपला गेम आणला, शेठच्या दाराएवढ्या टीव्हीला जोडला आणि सौजन्य म्हणून विचारलं, "बाबा, खेळणार?" शेठना आनंद झाला. बसायला काहीतरी निमित्त मिळालं. ते शेजारी बसले, हातात रिमोट घेतला, आणि मेले. जावयांनी एक जांभई दिली, "छान खेळलात बाबा" म्हणाले आणि आत जाऊन झोपले.

"अकरा सेकंद," शेठ मला म्हणाले. "मी घड्याल बगितला. अकरा सेकंदांत उठले रं ते."

हरल्याचं त्यांना काही नव्हतं. जावई उठून गेले, हे त्यांच्या मनाला लागलं होतं.

खेळ तुम्हाला ठाऊक नसेल तर थोडक्यात सांगतो. पडद्यावर दोन गडी समोरासमोर, वर दोघांच्या रक्ताच्या पट्ट्या, मध्ये नव्याण्णव सेकंदांचं उलटं घड्याळ. ज्याची पट्टी आधी रिकामी झाली तो गेला. घड्याळ संपलं तर ज्याचं रक्त जास्त उरलं तो जिंकला. पण तेवढा वेळ माझ्याकडे कुणी जगत नाही.

शेठ तर मुळीच जगत नसत. पहिला महिना त्यांनी भाकरी थापावी तशी सगळी बटणं एकदम थापली. समोरच्याकडे जायचं तर त्यांना एकच रस्ता माहीत होता, तो म्हणजे उडी. मी शिकवलं की समोरच्यापर्यंत पोचायचे तीन मार्ग आहेत. चालत जा, झेप घेऊन जा किंवा उडी मार. त्यात उडी सगळ्यात वाईट, कारण एकदा हवेत गेलं की माणसाला दिशा बदलता येत नाही आणि खालचा निवांतपणे ठोसा मारतो. शेठनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि पुन्हा उडी मारली. असं आठवडाभर चाललं. शेवटी मी वैतागून म्हणालो, "शेठ, प्रत्येक वेळी तुम्हीच कशाला जाता त्याच्याकडे?"

ते थांबले. "नाय गेला तर चालतंय?"

"चालतंय की."

"मग आदी नाय का सांगायचं?" ते म्हणाले. "मी लेफ्ट कॉर्नर होतो."

तेव्हा मला कळलं की शेठ तरुणपणी गावच्या कबड्डी संघात होते, आणि तेही पकडीला. बारा वर्षं त्यांनी डाव्या कोपऱ्यात उभं राहून दुसऱ्यांच्या येण्याची वाट बघितली होती. चढाई त्यांनी आयुष्यात फारशी केलेलीच नव्हती. म्हणजे मी महिनाभर माशाला झाडावर चढायला शिकवत होतो, आणि वर त्यालाच ढ ठरवत होतो.

त्या दिवसापासून शेठ मागे सरकले आणि थांबले. जॉयस्टिक मागे ओढली की मार अडतो. वरचा मार उभं राहून अडवायचा, खालचा बसून. माझ्याकडे येणारी कॉलेजची मुलं ह्या गोष्टी सहा महिने शिकत नाहीत, कारण त्यांना मारायची घाई असते. शेठना घाई नव्हती. ते मला सांगायचे, "तोंडाकडं नको बगू, पायाकडं बग. मानूस तोंडानं थापा मारतो, पाय बिचारे खरं बोलतात." पडद्यावरच्या रंगवलेल्या गड्याचे पाय काय खरं बोलणार, असं मी मनात म्हणायचो. पण बोलायचे हो. लाथ मारण्याआधी त्या गड्याची टाच किंचित वळते, हे सात वर्षं तोच गडी खेळून मला दिसलं नव्हतं. शेठनी डिसेंबरात दाखवलं.

एकच गोष्ट त्यांना फार जड गेली. नुसतं अडवत बसलेल्या माणसाला ह्या खेळात धरून आपटता येतं. धरलेलं अडत नाही, ऐन क्षणाला बटण दाबून ते सोडवावं लागतं. पहिल्यांदा मी त्यांना असं धरून आपटलं तेव्हा शेठचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मला पकड? मला?" असं म्हणून ते चपला घालून निघून गेले, आणि अंगठ्या ड्रॉवरमध्येच राहिल्या. दुसऱ्या दिवशी आले ते उत्तर घेऊनच. "मारायला येतो तो थबकतो. धरायला येतो तो सरळ चालत येतो. दोन पावलं नुसती चालला की समजायचा, ह्याला धरायचा हाय." तीन आठवडे मी त्यांना फक्त धरायला जात होतो आणि ते सोडवत होते. काचेबाहेर मुलं जमायची. कुणी हसलं तर शेठ वळूनही बघत नसत.

एप्रिल उजाडला तोवर माझा त्यांच्यापुढे निभाव लागेना. मी मारायचो, ते अडवायचे. मी चिडून काहीतरी मोठं मारायला जायचो, ते हुकायचं, आणि शेठ एक लाथ घालायचे. एकच. मग पुन्हा मागे सरकून वाट बघत बसायचे. आता मी ह्या धंद्यातला माणूस, भिंतीवर स्पर्धांत जिंकलेल्या माझ्या दोन ढाली लावलेल्या. एका साठीच्या गृहस्थाने त्या ढालींखाली बसवून मला हरवावं, हे मला आवडलं असं मी खोटं सांगणार नाही. त्या दिवशी मी त्यांना चहा विचारला नाही.

शेठ आता तयार होते. फक्त जावई यायला हवे होते. आणि जावई येणार होते ते नेमके अधिक महिन्यात.

तुम्हाला वेगळं सांगायला नको. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे देव. त्याला वाण द्यायचं, ताटात दिवा लावायचा, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. शेठच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, मला तिसऱ्या मजल्यावर बोलावून घेतलं. नवऱ्याचे सात महिन्यांचे उद्योग त्यांना ठाऊक होते. त्या अनारशांचं पीठ मळत होत्या आणि मळता मळता मला झापत होत्या. सगळा दोष माझा होता, कारण मी मास्तर होतो.

"एकीकडं दिवा ववालायचा," काकू म्हणाल्या, "आनि जेवन झाला की त्याच जावयाला लाथा घालायच्या?"

शेठ दारात उभे होते. हरायची तयारी आहे का, असं मी त्यांना हळूच विचारलं. सात महिने काय हरायला अंगठ्या काढल्या, असं ते पुटपुटले. आणि पुन्हा अकरा सेकंदांत हरलो तर जावई पुन्हा झोपायला जाणार, हे ते बोलले नाहीत, पण मला ऐकू आलं.

जेवायला मीही होतो. वाण झालं, औक्षण झालं, जावयांनी संकोचून चार धोंडे खाल्ले. मग मागच्यासारखंच झालं. बरं हाय ना, मजेत बाबा, आणि जावई फोनमध्ये. शेठ खिडकीत गेले. मी मांडीवर हात ठेवून बसलो, मला घरी जावंसं वाटू लागलं. तेवढ्यात जावयांनीच, कदाचित माझ्यासारख्या पाहुण्याची कीव येऊन, सोबत आणलेला गेम टीव्हीला जोडला आणि म्हणाले, "बाबा, एक होऊन जाऊ दे?"

सगळ्यांनी काकूंकडे बघितलं. शेठनीही. काकूंनी पदराला हात पुसले आणि निकाल दिला, "खेला. पन त्यांच्यावर हात उचलायचा नाय."

शेठनी अंगठ्या काढल्या. पुष्कराजाची त्या दिवशी बोटात नव्हती, तरी सवयीने साबण मी आणला.

त्यानंतर जे झालं ते मी पार्लरमध्ये कधी बघितलं नव्हतं. जावई धावून आले, शेठनी अडवलं. जावयांनी खाली मारलं, शेठ बसले. जावयांनी उडी मारली. खालून एक ठोसा लावला असता तर काम झालं असतं, पण शेठ नुसते दोन पावलं चालत त्या उडीखालून पलीकडे गेले, वाटेवरून म्हैस येताना आपण बाजूला होतो तसे. जावई सरळ चालत आले, धरायला. शेठनी सोडवलं. पन्नास सेकंद झाले तेव्हा जावयांनी मांडीवरचा फोन बाजूला सारला. सत्तर सेकंद झाले तेव्हा ते सोफ्यावरून खाली जमिनीवर उतरले आणि टीव्हीच्या जवळ सरकले. शेठही उतरले, गुडघ्यावर हात देत, त्यांच्याशेजारी. घड्याळ शून्यावर आलं. दोन्ही पट्ट्या काठोकाठ भरलेल्या. पडद्यावर अक्षरं आली, बरोबरी.

जावई हरले नव्हते. शेठही हरले नव्हते. काकूंनी स्वयंपाकघरातून डोकावून खात्री करून घेतली.

 जावयांनी सासऱ्याकडे बघितलं, मला वाटतं लग्नानंतर पहिल्यांदाच नीट. आणि म्हणाले, "बाबा, परत."

दुसऱ्यांदाही बरोबरी. तिसऱ्यांदा शेठ एकदा चुकले, जावयांचा एक ठोसा बसला आणि तेवढ्या फरकाने जावई जिंकले. एवढा इंजिनियर माणूस, दोन्ही हात वर करून नाचला. चहा आला, निवला, दुसरा आला. पाचव्या डावानंतर जावयांनी विचारलं, मी धरायला येतोय हे तुम्हाला आधी कसं कळतं. शेठ म्हणाले, "पाय बगा." आणि मग कोपऱ्यातली पकड कशी असते ते त्यांनी तिथेच दिवाणखान्यात, जावयांचा घोटा धरून दाखवलं. काकू धावत बाहेर आल्या. पण जावईच हसत होते, म्हणून त्या परत गेल्या. मग गावच्या संघाची गोष्ट निघाली, मग कुठल्यातरी उरणच्या सामन्याची. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. तिलाही ह्यातलं काही माहीत नव्हतं, आणि मला तिचा थोडा रागच आला.

मी निघालो तेव्हा शेठ जिन्यापर्यंत आले. आवाज खाली आणून विचारलं, "किती वेल बसले?"

"दोनला बसले होते," मी म्हणालो. "आता पाच वाजून गेलेत." मग उगाच वर म्हटलं, "आणि उठलेले नाहीत अजून."

शेठनी मान डोलावली आणि घाईघाईने आत गेले.

त्यानंतर ते पार्लरमध्ये आले नाहीत. जावयांनी आपला गेम सासुरवाडीलाच ठेवला आणि पुण्यात दुसरा घेतला. इंटरनेटवरून समोरासमोर बसता येतं, हे मीच कधीतरी शेठना सांगितलं होतं. शिकवणाऱ्याने जास्त शिकवू नये ते अशासाठी. कोपऱ्यातल्या त्यांच्या खुर्चीवर आता कुणीही बसतं. माझ्याकडची मुलं पुन्हा उड्या मारतात, खालून ठोसे खातात. मी धरायला गेलो तर सोडवणारं समोर कुणी नाही. खरं सांगायचं तर मला करमत नाही.

गेल्या रविवारी ड्रॉवर साफ करताना मागच्या फटीत एक अंगठी सापडली. पुष्कराजाचीच, अजून थोडा साबण लागलेली. मी लगेच फोन लावला. बऱ्याच रिंगनंतर तो उचलला गेला, आणि शेठ कुजबुजत म्हणाले, "मास्तर, नंतर कर. जावई बसलेत."

मी विचारलं, पनवेलला आलेत का?

"नाय रं," शेठ म्हणाले. "पुन्यालाच हायेत. पन बसलेत."