‘गाठ’ म्हणायचं नाही

मला मांजरं आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं कुणी मला मायाळू वगैरे म्हणायला नको. आमच्या माळ्यावर ज्वारीची पोती असतात. तिथं एका भटक्या मांजरीनं तीन पिल्लं घातली. दोन मेली, आणि आई एक दिवस बाहेर गेली ती परत आलीच नाही. उरलं ते एक, काळंपांढरं, मुठीत मावेल एवढं. दिवसभर कोकलायचं. डोकं उठलं म्हणून मी त्याला खाली आणलं, बाकी काही नाही.

घरात आम्ही दोघीच, मी आणि माझी सासू. तिला मी अत्ती म्हणते. ती अक्कलकोटकडची, मराठी बोलता बोलता कन्नडात कधी शिरते ते तिचं तिलाही कळत नाही. मालकांना जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. मालक म्हणजे माझा नवरा, तिचा एकुलता एक मुलगा. टेंपो चालवायचे, टेंभुर्णी-मोडनिंबपर्यंत माल पोचवायचे. मानेत गाठ निघाली, मग कळलं की मूळ दुखणं तोंडात आहे, मग वर्षभर दवाखाना, मग संपलं. मी रडले नाही. मुद्दाम नाही, आलंच नाही. भेटायला आलेल्या बायका मोरीत भांडी घासताना मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, “दगड हाय बाई नुसता.” म्हटलं, बोला. रागसुद्धा आला नाही आणि मी तर एरवी मीठ कमी पडलं तरी भांडणारी बाई.

तर ते पिल्लू. आई असती तर चाटून पुसून काढलं असतं, ते काम माझ्याकडं आलं. सकाळी ओल्या फडक्यानं पोट पुसताना माझं बोट अडखळलं. मधोमध, हरभऱ्याएवढी. मऊ. दाबली की आत जायची, ते ओरडलं की पुन्हा वर यायची. मी फडकं खाली ठेवलं, पुन्हा एकदा बोट फिरवून बघितलं. होती. मला काही वाटलं नाही. म्हटलं, बरं, आता हे पण. आणि उठून चहा टाकला.

अत्ती समोरच शेंगा फोडत बसली होती. तिला सांगायचं तर तोंडातून तो शब्द काढावा लागला असता, आणि तो आमच्या घरात कुणी काढत नव्हतं. कुणी ठरवलं नव्हतं तसं. मालक आजारी पडले तेव्हा आपोआपच बंद झाला. दवाखान्यातून आले की अत्ती विचारायची, “ते किती हाय आता?” ते म्हणजे ते. मग हळूहळू बाकीच्या गाठीही गेल्या. पिशवीचं तोंड नुसतं ‘बांध’, परकराची नाडी नुसती ‘आवळ’. पाडव्याला गुढीला साखरेची गाठी लागते, तर अत्तीनं दुकानदाराकडं साखरेची माळ मागितली. तो बिचारा बघतच राहिला. मराठीतली गाठ गेली आणि तिच्या कन्नडातला गंटही गेला. मालक गेल्यावर तरी परत यायला हरकत नव्हती, पण नाही आले.

आणि मला तोंड न उघडायला आणखी एक कारण होतं. मालकांच्या मानेची गाठ पहिल्यांदा मला लागली होती. दसऱ्याला. त्यांनी नवा शर्ट घातला होता, कॉलर उलटी राहिलेली, ती नीट करताना बोटाला लागली. सणाचा दिवस, कशाला विषय काढायचा, म्हणून गप्प बसले. मग दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या दिवशी. घरात सगळ्यांना भेडसावून सोडायचं आणि निघायचं काहीच नाही, असं वाटायचं. संक्रांतीला दाढी करताना त्यांची त्यांनाच सापडली. डॉक्टर म्हणाले, “थोडं आधी यायला पाहिजे होतं.” ते वाक्य आम्ही तिघांनी ऐकलं. माझं दसऱ्याचं मात्र मी कुणालाच सांगितलं नाही. तोवर तरी नाही.

आता पिल्लाच्या बाबतीतही मी तेच केलं, हे मला कळत होतं. रोज सकाळी बोट फिरवून बघायची आणि गप्प बसायची. नवल म्हणजे तिसऱ्या दिवसापासून अत्तीच म्हणायला लागली, “तू राहू दे, मी पाजते त्याला.” जिला मांजर ओट्यावर चढलेलं खपायचं नाही, ती बाई ड्रॉपर घेऊन बसायची. माझ्याकडं पाठ करून. म्हटलं, करू दे, तिलाही काहीतरी पाहिजेच की.

मी दुपारपर्यंत भाकऱ्या थापायला जाते. कडक भाकरी, आमच्या सोलापूरची. सहाव्या दिवशी परत आले तर पिल्लू कोपऱ्यात निपचित. पोटाला पट्टी आवळलेली, अत्तीच्या जुन्या लुगड्याच्या काठाची. दूध लावलं तर तोंड फिरवलं. श्वास भरभर चाललेला. अत्ती शेजारी कुठंतरी गेलेली. मी पट्टीवरून हात फिरवला आणि हात तिथंच थांबला. हरभऱ्याएवढी होती ती आता रुपयाएवढी झाली होती. आणि दगडासारखी कडक.

पट्टी सोडून बघायची हिंमत झाली नाही. खोटं कशाला बोलू? भाकरीच्या दुरडीत फडकं घातलं, त्यात त्याला ठेवलं आणि रिक्षानं जनावरांच्या दवाखान्यात गेले. ऊन मरणाचं. रस्ताभर मी एकच विचार करत होते की हे मेलं तर बाहेरच्या बाहेर पुरून टाकीन आणि अत्तीला सांगीन, पळून गेलं. इतकं शांतपणे की माझी मलाच किळस आली.

दवाखान्यात सगळ्या शेळ्या. माझ्या मागं एक धनगराची म्हातारी करडू घेऊन बसली होती. नंबर आला तसं डॉक्टरनं विचारलं, “काय होतंय?”

“पोटावर ते आलंय.”

“ते म्हणजे?”

“ते... वाढलंय आता. कडक झालंय.”

“अहो बाई, काय वाढलंय?”

मी नुसतं बोटानं पट्टी दाखवली. ती म्हातारी मागून वैतागून म्हणाली, “गाठ म्हन की बाई! गाठ म्हनायला काय जातंय तुजं?”

“गाठ,” मी म्हणाले. दीड वर्षानं. काही झालं नाही, छत कोसळलं नाही. कंपाउंडर नाव लिहीत होता तो लिहीतच राहिला.

डॉक्टरनं कात्रीनं पट्टी कापली आणि टेबलावर टण्णकन एक रुपयाचं नाणं पडलं. पिल्लाच्या पोटावर नाण्याचा गोल वळ आणि त्याच्या मधोमध तोच मऊ हरभरा. पट्टी सुटल्या सुटल्या ते एवढं कोकललं की करडूसुद्धा घाबरलं. डॉक्टर हसले, म्हातारी हसली. लहान बाळाची बेंबी फुगली की आमच्याकडं रुपया ठेवून पट्टी बांधतात. माझ्या नणंदेच्या पोराला मीच बांधली होती, आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही.

“गाठ नाही ही,” डॉक्टर म्हणाले. “बेंबीचं छिद्र बुजलं नाही, हर्निया म्हणतात. दाबली की आत जाते ना? मग घाबरायचं कारण नाही. बहुतेक मोठं होता होता बुजेल, नाही तर टाके घालू. पण पट्टी बांधायची नाही. अजून थोडा वेळ राहिली असती तर गेलं असतं ते.”

तिथंच बसून त्याला दूध पाजलं. प्यालं. मला बरं वाटायला पाहिजे होतं. बोटं बधिर झाली की चिमटा घेतलेला नुसता कळतो, दुखत नाही, तसं झालं.

घरी आले तर अत्ती दारातच उभी, चेहरा उतरलेला. दुरडीतून ओरडण्याचा आवाज आला तशी उंबऱ्यावर बसली.

“अत्ती, गाठ नाही ती,” मी सरळ म्हणाले. तिनं डोळे मिटले. “बेंबी आहे.”

“होक्कळ,” ती पुटपुटली, तिच्या भाषेतली बेंबी. “मला वाटलंच. पण खात्री न्हवती. म्हनलं बांधून बगावं.”

“मग मला सांगायचं नाही का? मेलं असतं ते! सहा-सहा दिवस दोघी चोरासारख्या...” मी ओरडले. पाच महिन्यांत पहिल्यांदा ओरडले, शेजारची बाई गॅलरीत आली एवढी. “तोंड नाही का आपल्याला?”

“तू घाबरशील म्हनून.” आणि मग ती खाली बघत म्हणाली, “त्या दिवाळीला बी अशीच गप बसले मी.”

“कुठल्या दिवाळीला?”

“पहाटेच्या आंगुळीला तेल लावत हुते त्याला. मानेला हात गेला तर लागली. गाठ.” शब्द तिनं स्वतःच काढला. “म्हनलं, सनाचं कशाला. तुला कळलं तर हाय खाशील. संक्रांतीपातूर गप बसले, पोरी. डॉक्टर म्हनला न्हवं, आदी यायला पायजे हुतं. ते मलाच म्हनला त्यो. शिव्या दे मला. लई शिव्या दे.”

ती वाट बघत होती. मला एवढंच करायचं होतं की गप्प बसायचं, त्यात तर माझा हात कुणी धरला नसता. सगळं तिच्यावर गेलं असतं आणि ती ते घेऊन मेली असती. पिल्लू माझ्या पदरात नखं रुतवत होतं. मी तिच्याशेजारी खाली बसले.

“अत्ती, मला दसऱ्याला लागली होती.”

तिनं बोटांवर मोजलं, दसरा, मग दिवाळी. शिवी नाही, रडणं नाही. मग म्हणाली, “म्हंजे त्या दिवाळीला आपुन दोगीबी जानत हुतो. आन त्याला फराळ वाढत बसलो व्हय?”